भिंतीला भोक न पाडता पडदा

मागच्या एप्रिलमध्ये लेकीचा फोन आला. "अब्बा, दुपारी तीननंतर या खोलीत बाळाला ठेवायची सोय नाही. आणि मालक म्हणतात, भिंतीला ड्रिल लावायचं नाही." खारघरला सातव्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेलं घर. खिडकी पश्चिमेची, बाळ चार महिन्यांचं, आणि पडदा लावावा तर डिपॉझिट धोक्यात.

मालकाला दोष देणं सोपं आहे. फार पूर्वी नेरूळला आम्ही भाड्यानं राहत होतो, तेव्हा भिंतीतल्या भोकांचे पैसे आमच्याही डिपॉझिटमधून कापले गेले होते. त्या वेळी राग आला. पुढे स्वतःच्या घरात ड्रिल लावताना खिडकीभोवतीच्या ग्रॅनाइटचा कोपरा उडाला, तेव्हा मालकाचंही दुःख समजलं!

लेकीकडे गेलो तो मोजपट्टी घेऊन. पण मोजमापाच्या आधी ऊन समजून घ्यावं लागतं. आपल्या खिडकीवर छज्जा असतो, तो डोक्यावरचं ऊन अडवतो. सूर्य पश्चिमेला उतरला की मात्र ऊन छज्ज्याखालून तिरकं आत शिरतं. काचेतून आलेलं ऊन फरशीवर, गादीवर पडून तापतं आणि ती उष्णता काचेतून तितक्या सहज परत जात नाही. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवलेलं उत्तम. आतूनच अडवायचं असेल, तर पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असावी. म्हणजे बरंचसं ऊन आल्या वाटेनं परत जातं.

आता भोक न पाडता पडदा टिकतो कसा, ते पाहू. पहिला प्रकार स्प्रिंगच्या दांडीचा. नळीत नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना रबर. खिडकीच्या दोन बाजूंच्या मधे ही दांडी दाबून बसवायची. ती केवळ दाबावर उभी असते. म्हणून हलका सुती पडदा तिला झेपतो; रुंद खिडकीवर जाड, अस्तराचा पडदा टाकला की ती मधे वाकते आणि एक दिवस खाली येते. दांडी जिथे बसणार, तिथलंच माप घ्यावं. ग्रॅनाइटच्या चौकटीत ती घट्ट बसते. सरकत्या काचेला आणि डासांच्या जाळीला ती आडवी येत नाही ना, हेही पाहावं.

दुसरा प्रकार चिकटपट्टीचा. इथे फसगत फार होते. पट्टी पक्की चिकटते, पण कशाला? डिस्टेंपरच्या भिंतीवर ती रंगाच्या थराला धरते आणि वजन पडलं की रंगासकट सुटते. लेकीकडे पहिले दोन हूक असेच खाली आले, भिंतीवर दोन पांढरे चट्टे ठेवून. पट्टी लावावी ती अॅल्युमिनियमच्या चौकटीला, ग्रॅनाइटला किंवा टाइलला. तीही पुसून, पूर्ण कोरडं करून. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर हा प्रयोग करूच नये.

तिसरा प्रकार लोहचुंबकाचा. दुकानात तो फार देखणा दिसतो. पण आपल्या सरकत्या खिडक्या बहुधा अॅल्युमिनियमच्या आणि अॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. घरातला एखादा चुंबक चौकटीला लावून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.

चौथा प्रकार सर्वांत जुना, बांबूच्या चिकाचा. खिडकीला लोखंडी ग्रिल असेल तर चिक ग्रिलच्या आतल्या बाजूनं सुती नाडीनं बांधता येतो. ऊन काचेबाहेर अडतं, वारा येत राहतो, भिंतीला बोटही लागत नाही. सोसायटीला आधी विचारावं आणि पावसाआधी तो उतरवून ठेवावा. नागपूरकडच्या मंडळींना इथे वाळ्याच्या ताट्या आठवतील. त्या कोरड्या हवेत गारवा देतात. खाडीकाठच्या दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं, मग गारवा कुठून येणार?

एक गोष्ट मात्र विसरू नका. पडदा वर-खाली करायची दोरी लोंबती नको. त्या दोरीचा फास बसून जगभरात लहान मुलं दगावली आहेत. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून तयार विकल्या जाणाऱ्या पडद्यांना मुलांच्या हाती लागेल अशी दोरी ठेवता येत नाही. तेव्हा बिनदोरीचा पडदा घ्या आणि पाळणा खिडकीपासून दूर ठेवा.

आणि करारही नीट वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. भिंतीला काय चालेल, तेही त्यातच लिहून घ्यावं. राहायला जाताना भिंतींचे फोटो काढून ठेवावेत.

लेकीच्या खिडकीला शेवटी दोन गोष्टी लागल्या : ग्रिलला चिक आणि आत दांडीवर पांढरा सुती पडदा. चट्ट्यांबद्दल तिनं मालकांना स्वतःहून सांगितलं आणि रंगाचा छोटा डबा आणून ते बुजवले. अकरा महिने संपले, तेव्हा डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. चिकाची गुंडाळी आणि दांडी टेम्पोत चढवून ती दुसऱ्या घरी गेली. तिथली खिडकीही पश्चिमेचीच आहे. या वेळी तिनं मला फोन केला नाही, मोजपट्टी तेवढी मागून घेतली.