धुऱ्यावरचा कुर्डू



आश्विन महिन्यात अमरावतीहून अकोल्याकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या धुऱ्यावर गुलाबी-पांढरे तुरे डुलताना दिसतात. हाच आपला कुर्डू. अंगणातला लाल कोंबडा याचाच भाऊबंद. 1753 साली लिनियस या शास्त्रज्ञाने याच्या नावात 'अर्जेंटिया', म्हणजे रुपेरी, हा शब्द घातला. आपण मात्र त्याला तण म्हणतो. पिकात तो तणच, हे खरे. तिथे निंदण झालेच पाहिजे. पण धुऱ्यावरचा कुर्डू उपटण्यापूर्वी त्याचा हिशेब तर मांडा!

याचा तुरा खालून वर फुलत जातो. वरच्या फुलांवर मधमाश्या नि फुलपाखरे येत असतात, तेव्हाच खालची बोंडे पिकून झाकणासारखी उघडतात. त्यांतले काळे, चकचकीत बी पाखरे टिपतात. एकाच झाडावर दोघांची पंगत.

यात शेतकऱ्याचे काय? भोपळा, दोडका, कारले यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशीने पराग नेला नाही, तर फळ धरत नाही. पण वेल फुलत नाही त्या दिवसांत माशीने जगावे कशावर? ते रानफुलांवर. गेल्या चाळीस वर्षांत आपल्याकडे ज्वारी हटली, सोयाबीन आले आणि तणनाशकाचा फवारा धुऱ्यापर्यंत पोचला. रानफूल गेले, की माशीही जाते.

मग कुर्डू लावायचा कसा? दिवाळीच्या सुमारास वाळलेले तुरे कागदावर झटका. बी सावलीत सुकवून कापडी पिशवीत ठेवा. मृगाच्या पावसाने जमीन ओली झाली, की मूठभर बी बारीक मातीत मिसळून धुऱ्यावर फेका. बी बारीक आहे, खोल गाडू नका. खताची गरज नाही. दाट रोपे विरळा. कोवळ्या पाल्याची भाजी होते. फवारलेल्या जागेचा पाला मात्र खाऊ नये. पिकात शिरलेली रोपे तुरा धरण्याआधीच डवरणीत काढावी, म्हणजे बी शेतात पसरणार नाही.

गुरुजी, शाळेच्या कुंपणाशी हातभर रुंद पट्टा पुरे. मुलांना सकाळी 10 मिनिटे तिथे बसवा. कोण आले, किती आले, ते वहीत लिहू द्या. आणि शेतकरी बंधूंनो, यंदा निदान एक धुरा फवाऱ्यावाचून राहू द्या.