निस्सीम : नाव एक, अर्थ दुसराच

इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांतून ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ ही विंचवाची कविता पुष्कळ मुलांनी वाचलेली असते. कवीचे नाव निस्सीम इझिकेल. ते वाचल्यावर आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या मराठी शाळेतल्या कोणाही मुलाला वाटेल, की हे नाव तर आपलेच! निस्सीम भक्ती, निस्सीम प्रेम. निः अधिक सीमा, म्हणजे ज्याला सीमा नाही तो. संधी बरोबर, अर्थही सुरेख. पण या नावाशी त्याचा काही संबंध नाही.

हे नाव हिब्रू आहे. हिब्रूत ‘नेस’ म्हणजे चमत्कार, आणि ‘निस्सीम’ हे त्याचे अनेकवचन. नावाचा अर्थ ‘चमत्कार’, तोही एक नव्हे, अनेक. शेवटचा ‘ईम’ हा पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. मूळ धातूत दोन ‘स’ आहेत. एकवचनात एकच ऐकू येतो, अनेकवचनात दुसरा पुन्हा प्रकट होतो. जोडाक्षर तिथून आले, आपल्या विसर्गसंधीतून नव्हे. ‘नेस’चा जुना अर्थ उंच उभारलेला ध्वज किंवा खांब, लांबून दिसणारी खूण. पुढे देवाने दाखवलेली खूण ती ‘नेस’ झाली. हनुक्का या दिव्यांच्या सणात ज्यू लोक जी आभाराची प्रार्थना म्हणतात, तिच्या आरंभीच हा शब्द आहे.

जगभरच्या ज्यूंमध्येही हे नाव सरसकट आढळत नाही. स्पेन, उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान, इराक या बाजूच्या घराण्यांत ते अधिक, युरोपच्या उत्तरेकडे क्वचित. आपल्याकडे ते बेने इस्राएल समाजात मिळते. हे लोक शतकानुशतके कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या किनाऱ्यावर राहिले. तेल गाळण्याचा व्यवसाय, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी. आडनावे पाहा : केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. आपल्या पेडणेकर, मांद्रेकर, मयेकर यांच्या शेजारी बसवली तर वेगळी ओळखू येणार नाहीत! पूर्वी त्यांनी नावेही मराठी वळणाची करून घेतली होती. अब्राहामचा आबाजी, सॅम्युएलचा सामाजी. नंतर मूळ हिब्रू रूपे परत आली. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या नावातही तोच प्रत्यय आहे. हाईम म्हणजे जीवन. मुंबईत १८७५ साली समाजाची शाळा सुरू झाली ती त्यांच्याच खटपटीने.

निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) याच समाजातले. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत, आई शाळा चालवी. त्यांनी लिहिले इंग्रजीत, पण वृंदा नाबर यांच्याबरोबर इंदिरा संतांच्या मराठी कविता इंग्रजीत नेल्या. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हिब्रू नावे गोव्याला नवीन मुळीच नाहीत. जुझे म्हणजे योसेफ, ‘तो आणखी देवो’. पेडण्याचे चर्च याच संताच्या नावाचे. जुवांव म्हणजे योहानान, ‘देवाने कृपा केली’. मिंगेल म्हणजे मिखाएल, ‘देवासारखा कोण?’ ही नावे पोर्तुगीज तोंडातून आली, म्हणून घासली गेली आणि परकी म्हणून ओळखू येतात. निस्सीम सरळ हिब्रूतून आले आणि योगायोगाने संस्कृत शब्दाशी तंतोतंत जुळले. मुलांची नावे सुचवणाऱ्या पुस्तकांतून ‘निस्सीम – अमर्याद’ असे दिलेले असते. तेही खोटे नाही. हिंदू घरातला निस्सीम संस्कृतातला, ज्यू घरातला हिब्रूतला. कोणता कोणता, हे शब्दावरून कळणार नाही, घरी विचारूनच कळेल. आणि इझिकेल यांच्यावर निबंध लिहिताना ‘नावाप्रमाणेच अमर्याद प्रतिभा’ असे वाक्य घालण्याचा मोह मुलांनी आवरावा, हे बरे.

लिहिताना ‘सी’ दीर्घच ठेवावा. हिब्रूतही जोर शेवटच्या अक्षरावर आहे. ‘नसीम’ मात्र करू नये. ते अरबी नाव, अर्थ वाऱ्याची मंद झुळूक. रोमन लिपीतल्या अर्जावरून देवनागरीत नाव उतरवताना ही अदलाबदल सहज होते, आणि दाखल्यावर एकदा चढलेले अक्षर बदलायला पालकांना किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक.