ठासणीच्या बंदुकीची नळी व न गंजणारें पोलाद

ठासणीच्या बंदुकीची नळी बहुधा गोळीनें नव्हे, तर दारूच्या मळीनें नासते, असें आमचें मत आहे. सोरा, गंधक व कोळसा जळून उरणारे क्षार हवेंतील ओल शोषितात. न धुतलेली साध्या पोलादाची नळी त्यामुळें लौकरच गंजते, आंतील पेचदार खोबण्या खरबरीत होतात व नेम चुकतो. इ. स. १९१३ मध्यें शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं १२.८ टक्के क्रोमियम असलेलें न गंजणारें पोलाद ओतलें. मौज ही कीं, ते बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबविण्याचाच उपाय शोधीत होते! क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा गंजास आडवितो. तथापि मिठासारख्या क्षारांनीं यासही बारीक छिद्रें पडतात; म्हणून बार काढल्यावर ही नळीही पाण्यानें धुऊन कोरडी केलीच पाहिजे.