दाताचा केसपेपर किती जणांच्या हातात?

गेल्या वर्षी भीमजयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात मोफत दंत तपासणी शिबिर झाले. एका खासगी दवाखान्याचे डॉक्टर आणि त्यांच्या दोन सहायक मुली आल्या होत्या. दारातच टेबल मांडून रजिस्टर भरले जात होते. नाव, वय, घर नंबर, मोबाइल, मिश्री-तंबाखू लावता का, शुगर आहे का, बीपी आहे का, टीबी झाला होता का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, असे रकाने होते. महिला मंडळाने चांगली तयारी केली होती, गर्दीही भरपूर झाली.

संध्याकाळी एका उत्साही कार्यकर्त्याने रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. शिबिराला किती प्रतिसाद मिळाला हे लोकांना दिसावे, एवढाच त्याचा हेतू. पण फोटो बोटाने मोठा केला की एकूण एक अक्षर वाचता येत होते. एका ताईंच्या नावापुढे लिहिले होते, 'टीबीची औषधे चालू'. त्यांच्या मुलीची सोयरीक ठरत होती. तीन दिवसांत पाहुण्यांकडून विचारणा आली, "तुमच्या घरात कोणाला काय आजार आहे का?"

ग्रुपवरचा फोटो काढून टाकायला लावला. पण तोवर तो किती फोनमध्ये उतरला असेल, हे कोण सांगणार? नंतरच्या शिबिरात ताई आल्या नाहीत. ज्या बाया आल्या, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिले, "काही नाही."

या 'काही नाही'ची मला जास्त काळजी वाटते. दाताचे डॉक्टर शुगर आणि बीपी का विचारतात, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. दाढ दुखते म्हणून आलो, बाकीच्या चौकशा कशाला, असे वाटते. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि ते न सांगता दाढ काढली, तर रक्त लवकर थांबत नाही. शुगर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही, पू होतो. हृदयाची झडप बदललेली असेल तर दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावे लागते. हाडे ठिसूळ झाल्यावर देतात त्यातली काही औषधे चालू असतील, तर दाढ काढल्यावर जबड्याच्या हाडालाच इजा होऊ शकते. बाई गरोदर असेल तर एक्स-रे आणि गोळ्या, दोन्हींचा विचार वेगळा करावा लागतो. म्हणजे डॉक्टरांना खरे सांगणे भागच आहे. आणि सांगितलेली गोष्ट बाहेर जाणार नाही अशी खात्री असेल, तरच माणूस खरे सांगतो. म्हणून केसपेपर आणि दवाखान्यातला कॉम्प्युटर हा विषय आरोग्याच्या पानावर आणावा लागला.

आमच्या शिबिरात निदान कागदाचे रजिस्टर होते. आता रस्त्यावरच्या छोट्या दंत दवाखान्यातही सगळे कॉम्प्युटरवर असते. दातामागे छोटा सेन्सर धरून काढलेला एक्स-रे लगेच पडद्यावर दिसतो, पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे मेलवर येतो. त्यासोबत तुमचे नाव, वय, फोन, आजारांची यादी, किती पैसे भरले आणि किती बाकी, कधी आधारची झेरॉक्स, हप्त्याने उपचार घेतले असतील तर पॅनकार्ड आणि बँकेचा तपशील. हा सगळा ऐवज बहुधा एकाच मशीनमध्ये असतो, आणि त्या मशीनचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असतो.

अशा मशीनवर सगळ्यात मोठे संकट येते ते खंडणीच्या व्हायरसचे, त्याला रॅन्समवेअर म्हणतात. बिल, कुरिअर किंवा रिपोर्ट असल्याचे भासवून एक मेल येतो. कोणीतरी तो उघडतो आणि मशीनमधल्या सगळ्या फाइलींना कुलूप लागते. किल्ली हवी असेल तर पैसे भरा, अशी सूचना पडद्यावर येते. पैसे भरूनही किल्ली मिळेलच असे नाही. शिवाय कुलूप लावण्याआधी माहितीची नक्कल चोरून नेलेली असू शकते.

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४०० दंत दवाखान्यांवर एकाच वेळी असे संकट कोसळले. विस्कॉन्सिन राज्यातल्या कंपन्या या दवाखान्यांच्या नोंदींची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, सांभाळण्याची सेवा देत होत्या. असल्या व्हायरसपासून बचाव म्हणूनच ती सेवा विकली जात होती, आणि व्हायरस शिरला तो तिच्यातूनच. राखणदाराच्या किल्लीनेच घर उघडले. कित्येक डॉक्टरांना समोर बसलेल्या पेशंटचा जुना एक्स-रे दिसेना, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते कळेना.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे दिल्लीचे एम्स. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथले पाच सर्व्हर असेच बंद पडले. देशातले नावाजलेले सरकारी रुग्णालय, तिथे पुढचे जवळजवळ दोन आठवडे केसपेपर, रिपोर्ट, भरती सगळे हाताने लिहून चालले. लांबून आलेले गरीब पेशंट रांगेत ताटकळले. एम्सची ही गत, तर दोन खुर्च्यांच्या दवाखान्याचे काय सांगावे?

पण बाहेरचा चोर येईपर्यंत थांबायची गरजच नसते. माहिती रोज आतूनच झिरपत असते. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुली आणि मुले दंत दवाखान्यांत रिसेप्शनवर किंवा डॉक्टरांच्या हाताखाली काम करतात. बारावीनंतर मिळणारी ही बरी नोकरी आहे. ही माहिती खऱ्या अर्थाने त्यांच्याच हातात असते, म्हणून पुढचे मुख्यतः त्यांच्यासाठी.

पेशंटचा एक्स-रे डॉक्टरांना पाठवताना तो स्वतःच्या खासगी फोनवरून जातो. संध्याकाळी तोच फोन धाकट्या भावाच्या हातात असतो. दवाखान्याचा वेगळा फोन द्या, असे डॉक्टरांना म्हणण्यात काही चूक नाही. एखाद्या अवघड केसबद्दल इतर डॉक्टरांच्या ग्रुपवर सल्ला विचारायचा असेल, तर आधी एक्स-रेवरचे नाव-वय कापावे. पेशंटच्या चेहऱ्याचा 'आधी आणि नंतर'चा फोटो जाहिरातीला वापरायचा असेल, तर लेखी परवानगी घ्यावी. तोंडी 'हो' पुरत नाही, कारण खुर्चीत आ करून बसलेला माणूस नाही कसे म्हणणार?

सगळ्यांना एकच पासवर्ड नसावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करावा. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा दुरून मशीन चालवण्यासाठी एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर टाकतो आणि काम झाल्यावर ते तसेच राहते. म्हणजे मागचे दार सताड उघडे. पेशंटना द्यायचे वायफाय वेगळे, कामाचे वेगळे. चोरीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते खरे, पण त्याच्या पोटात काय भरले आहे ते माहीत नसते. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणे जानेवारी २०२० मध्ये संपले, विंडोज १० चे नेहमीचे अपडेटही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. एक्स-रेचे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते, ही डॉक्टरांची अडचण मी ऐकली आहे आणि ती खरी आहे. मग निदान त्या मशीनला इंटरनेट देऊ नये.

बॅकअपच्या प्रती दोन तरी असाव्यात आणि त्यातली एक मशीनला न जोडलेली, दवाखान्याबाहेर ठेवलेली असावी. बाहेरची हार्ड डिस्क कायम लावून ठेवली तर खंडणीचा व्हायरस तिलाही कुलूप घालतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघावी. बॅकअप रिकामा निघाल्याचे संकटाच्या दिवशीच कळले, तर काय उपयोग?

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना लगेच कळेल, कारण भंगाराच्या धंद्यात आपलीही माणसे आहेत. दवाखान्याचा जुना कॉम्प्युटर भंगारात जातो तेव्हा त्यातली हार्ड डिस्क शाबूत असते. फाइल 'डिलीट' केली तरी ती परत काढता येते. डिस्क पूर्ण पुसून किंवा फोडूनच मशीन विकायला द्यावे.

आता पेशंट म्हणून आपण काय करायचे? साध्या उपचारासाठी खासगी दवाखान्यात आधारची झेरॉक्स द्यायची गरज नसते. सरकारी योजनेतून उपचार असेल तर ओळखपत्र, रेशनकार्ड लागते, ती गोष्ट वेगळी. ओळख पटवायला आधार द्यायचेच झाले, तर मास्क केलेले आधार द्यावे. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून ते मिळते आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फॉर्मवर जातीचा रकाना दिसला तर तो कशासाठी, असे शांतपणे विचारावे. दाढ काही जात पाहून किडत नाही.

हप्त्यावर रूट कॅनॉल किंवा कॅप करून घेताना जास्त जपा. काउंटरवर "ओटीपी सांगा, फाइल करायची आहे" असे म्हणतात आणि तुमच्या नावावर कर्ज उभे राहते. कर्ज देणाऱ्याने व्याज, हप्ता आणि एकूण रक्कम लिहिलेला कागद आधी द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो कागद घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घेतल्याशिवाय ओटीपी सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

यात आपण कोणाकडे मेहेरबानी मागत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा हक्क त्यांनी बाबासाहेबांच्या संविधानातल्या अनुच्छेद २१ मध्येच पाहिला. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार एचआयव्ही असलेल्या माणसाला उपचार नाकारता येत नाहीत, त्याची माहिती संमतीवाचून उघड करता येत नाही आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना त्या सुरक्षित ठेवाव्याच लागतात. न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत, पण कंपाउंडरची कुजबुज त्यात बसत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याच्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत.

यंदाच्या शिबिरासाठी आम्ही रजिस्टर बंद केले. प्रत्येकाला वेगळा कागद दिला. आजारांचे प्रश्न दारात न विचारता पडद्याआड खुर्चीजवळ विचारले. कार्यकर्त्यांकडे फक्त आकडा ठेवला. भरलेले कागद डॉक्टरांनी पाकिटात बंद करून नेले. फोटो काढले ते बुद्धमूर्तीसमोरच्या उद्घाटनाचे आणि टूथब्रश वाटपाचे.

या वेळी ताई आल्या. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी सहायक मुलीला विचारले, "बाळा, हा कागद कोण कोण बघणार?"

"मी आणि डॉक्टर, मावशी."

"मग लिही. औषधाचा कोर्स पुरा झालाय. आणि मिश्री अजून सुटली नाही, तेबी लिही."