पॅकेज वर्षाचं, हिशेब तासाचा

लग्नसराई जवळ आली की लातूर जिल्ह्यात स्थळांची चर्चा सुरू होते आणि तिच्यात ‘मुलगा आयटीत, पुण्याला’ एवढ्या माहितीला अजूनही वजन असतं. आता मात्र मुलीकडची मंडळी एक प्रश्न वाढवून विचारतात: कंपनीत आहे ते ठीक, पण प्रोजेक्टवर आहे ना? टीसीएस या मोठ्या आयटी कंपनीतल्या कपातीच्या बातम्यांनी हा प्रश्न शिरूर अनंतपाळच्या चहाच्या टपरीपर्यंत आणून सोडला आहे. प्रश्न अगदी रास्त आहे. तो वीस वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता.

आकडे थोडक्यात. टीसीएसने जुलै 2025 मध्ये सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत तिथली एकूण माणसं 19,755 ने घटली. यात स्वतःहून सोडून गेलेलेही आले. त्याच तिमाहीत कंपनीचा नफा मात्र 12 हजार कोटींवर होता. नफ्यातली कंपनी माणसं का काढते, हे गावाकडच्या बापाला समजत नाही. कारण नोकरी म्हणजे एकदा लागली की लागली, हे त्याचं गणित जिल्हा परिषद आणि महावितरणकडे बघून बसलेलं आहे.

हे गणित आयटीत लागू होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या आयटी कंपन्या वस्तू विकत नाहीत, माणसांचे तास विकतात. अमेरिकेतल्या एखाद्या बँकेला किंवा विमा कंपनीला अमुक इतकी माणसं, अमुक इतके तास, अमुक दराने. ज्याचे तास ग्राहकाच्या बिलात जातात तो ‘बिलेबल’. ज्याचे जात नाहीत तो बेंचवर. ठरावीक रकमेला घेतलेली कामंही असतात, पण आतला हिशेब तासांचाच. टीसीएसने जून 2025 पासून नियमच केला, की वर्षात किमान 225 दिवस माणूस बिलात दिसला पाहिजे आणि 35 दिवसांहून अधिक बेंचवर बसता कामा नये.

रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. मस्टरवर नाव आहे तोवर मजुरी. माप कमी भरलं की पैसे कमी. काम मंजूर नसेल तर घरी बसा. आयटीतल्या मस्टरला टाइमशीट म्हणतात आणि ते दर आठवड्याला ज्याचं त्यालाच भरावं लागतं. फरक इतकाच, की हमी योजनेत काम मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता. बेंचवरच्या मुलाला काम मागायला मॅनेजर ते मॅनेजर मेल करत फिरावं लागतं, आतल्या आत मुलाखती द्याव्या लागतात. कामावर असताना स्वतःच्याच कंपनीत पुन्हा नोकरी शोधायची, ही गोष्ट घरी फोनवर सांगता येत नाही. मग ‘सध्या ट्रेनिंग चालू आहे’ असं सांगितलं जातं.

या धंद्याचं मूळ जुनं आहे. टीसीएस 1968 ची. तिथल्या फकीरचंद कोहलींनी 1974 मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी काम घेतलं आणि सॉफ्टवेअर निर्यातीचा मार्ग खुला झाला. पुण्यात पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1981 मध्ये इन्फोसिस उभी केली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडीच्या शेतांत एमआयडीसीचा आयटी पार्क आला. आणि परीक्षांच्या तयारीच्या लातूर पॅटर्नमधून निघालेल्या मुलांना डॉक्टरकीनंतरची दुसरी वाट सापडली.

हैदराबादमध्ये आलेला चिनी संशोधक

ही व्यवस्था सगळ्यात नेमकी कोणी पकडली असेल, तर शियांग ब्याओ या चिनी मानववंशशास्त्रज्ञाने. ऑक्सफर्डमध्ये पीएचडी करताना, 2000 च्या सुमारास, तो हैदराबाद आणि सिडनी या दोन शहरांतल्या तेलुगू आयटी तरुणांमध्ये राहिला. त्यातून 2007 मध्ये ‘ग्लोबल बॉडी शॉपिंग’ हे पुस्तक आलं. आयटीवर ढिगाने पुस्तकं आहेत. बहुतेक संस्थापकांच्या केबिनमधून लिहिलेली आहेत. हे खालून लिहिलेलं आहे.

शियांगने पाहिलं ते असं: छोटे एजंट मुलांना परदेशी कंपन्यांकडे कंत्राटावर पाठवतात. कंत्राट असेल तेव्हा पगारातला वाटा कापतात, नसेल तेव्हा मुलाला बेंचवर ठेवतात, बऱ्याचदा बिनपगारी. बेंच म्हणजे कोणाच्या तरी नियोजनात झालेली चूक असा आपला समज असतो. शियांग म्हणतो, बेंच हा या धंद्याचा कणाच आहे. ग्राहकाला मागताक्षणी माणूस हवा असतो, म्हणून कोणीतरी रिकामं बसलेलं असावंच लागतं. बाजार चढला-पडला तर तो धक्का ग्राहकापासून कंपनीकडे, कंपनीकडून एजंटाकडे आणि शेवटी त्या पोराकडे ढकलला जातो.

मग पोराला सावरतं कोण? इथे शियांग थेट किनारी आंध्रच्या खेड्यात जातो. मुलाच्या प्रशिक्षणाचा, व्हिसाचा, एजंटाचा पैसा येतो शेतीतून आणि हुंड्यातून. आयटीतल्या नवऱ्याला हुंडा जास्त, आणि त्या हुंड्यातून आयटीची पुढची वाट. म्हणजे सिडनीच्या बँकेला स्वस्तात मिळणाऱ्या प्रोग्रॅमरचा काही खर्च गोदावरीकाठच्या कुठल्यातरी मुलीचा बाप भरत असतो.

निझामाच्या काळात हैदराबाद आपल्या मराठवाड्याचीही राजधानी होती. शिरूर अनंतपाळची मुलं आज पुण्याला जातात तशी हैदराबादलाही जातात. आपल्याकडे हुंडा हा शब्द उच्चारायचा नसतो, ‘मानपान’ म्हणायचं असतं. पण इंजिनिअरिंगच्या फीसाठी विकलेला एकर, कोर्सच्या क्लासला मोडलेली एफडी, पुण्यात फ्लॅटसाठी सासऱ्याकडून झालेली ‘मदत’ हे सगळं मांडून बघा. मोठ्या कंपन्यांच्या पगारी बेंचला एजंटाच्या बिनपगारी बेंचशी जोडणं थोडं कडक होईल, हे मान्य. तरी धक्का खाली ढकलण्याची रीत तीच आहे.

साडेतीन लाखांत काय येतं

मोठ्या कंपन्यांतलं नवशिक्यांचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकून पडलं आहे. कापून हातात येतात महिना पंचवीस हजार. त्यात वाकड-ताथवड्याला तिघांत एक फ्लॅट, मेस, गाडीचं पेट्रोल. तरी घरच्यांना ते मोठं वाटतं, आणि चुकीचं वाटत नाही. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. कोरडवाहू एकरात पाच-सात क्विंटल पिकलं आणि हमीभाव मिळालाच, तर एकराचं उत्पन्न म्हणजे पोराचा एक-दीड महिन्याचा पगार, तोही बियाणं-खत-मजुरी वजा न करता. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर तर ही तुलना करायलाही नको. म्हणूनच मुलगा ‘सोडून येतो’ म्हणाला तर घर गप्प होतं.

दिवस कसा जातो? सकाळी पंधरा मिनिटांची उभ्या-उभ्या होणारी बैठक: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. मग तिकिटं. तिकीट म्हणजे तक्रार किंवा कामाचा तुकडा. एखाद्या बँकेच्या वीस वर्षं जुन्या प्रणालीतला एक रकाना दुरुस्त करायचा. पूर्ण प्रणाली काय आहे हे वर्षभरातही कळेलच असं नाही. संध्याकाळी ग्राहक जागा होतो: हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले रात्रीचे आठ. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या उजेडला महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास. तेव्हा गावी आलेल्या सपोर्टवरच्या मुलाला यात्रा सोडून लॅपटॉप उघडावा लागतो, कारण 26 जानेवारीची सुट्टी आपली, अमेरिकेची नाही.

इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. टाइमशीटवर दिवसाचे आठ-नऊ तासच चढतात, हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं. वरचे तास कोणाच्याच बिलात नसतात. ते मुलाने फुकट दिलेले असतात.

कोविडमध्ये एक वेगळी गोष्ट सिद्ध झाली होती. गच्चीवर रेंज शोधत का होईना, गावातून काम झालं आणि त्यापायी एकही बँक बुडाली नाही. आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत तर एकेकाळी इन्फोसिसमध्ये ऑफिसबॉय होते. ते डिझाइन शिकले, कोविडमध्ये गावी परतून गोठ्यातून स्वतःचं काम उभं केलं आणि ‘शार्क टँक इंडिया’मध्ये 10 टक्के हिश्श्यासाठी 1 कोटी रुपये मिळवले. असे भगत थोडेच निघतात, आणि त्यांच्या यशाकडे बोट दाखवून बाकीच्यांना गप्प करू नये. पण गावातून काम होतं, एवढं त्यांनी दाखवलं. 2023 च्या अखेरीस कंपन्यांनी मात्र एकेक करून सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. का, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. हिंजवडीच्या चौकात दीड तास उभं राहून उत्पादकता वाढते, असं कोणी म्हणणार असेल तर म्हणो.

आता एआय. भीती खरी आहे, पण तिचं कारणही तासांतच आहे. दहा तासांचं काम चार तासांत झालं तर वस्तू विकणारा खूश होतो. तास विकणाऱ्याचं बिल घटतं. हा फटका आधी कोणाकडे जाईल, ते शियांगने सांगून ठेवलंच आहे.

या फटक्यापासून कायदा किती वाचवतो? 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत उपयोगाच्या गोष्टी आहेत: नेमणूकपत्र सक्तीचं, नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत मजुरीचा हिशेब, मुदतीच्या कंत्राटावरही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. दुसरीकडे, कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा कारखान्यांसाठी 100 वरून 300 कामगारांवर गेली. आणि आयटीत मुळात काढतं कोण? ‘राजीनामा दे, अनुभवपत्र स्वच्छ देतो’ असं म्हटलं जातं. राजीनामा दिला की कायद्याच्या लेखी कपात झालीच नाही. पुण्यातली ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना असल्या तक्रारी सरकारदरबारी नेते, पण पॅकेजवाल्या पोराला युनियन म्हटलं की कमीपणा वाटतो. साखर कारखान्यातल्या त्याच्या चुलत्याला तो कधी वाटला नाही.

तेव्हा स्थळ बघायला जाणाऱ्यांनी प्रोजेक्टची चौकशी जरूर करावी. ती बापानेही मुलाकडे करावी, आणि बेंचवर आहे म्हणाला तर तोंड पाडू नये. मुलाने सही करण्याआधी नेमणूकपत्रातली बाँडची आणि नोटीस पिरियडची कलमं वाचावीत, आणि केबिनमध्ये बोलावून मागितलेला राजीनामा त्याच खुर्चीत बसून लिहून देऊ नये.