फत्तेमारीचा आराखडा

आळंदीपासून चाकण-भोसरीपर्यंत पसरलेल्या कारखान्यांत ज्यांचा दिवस ड्रॉइंग वाचण्यात जातो, त्यांच्यापासून समुद्र दूर असला, तरी कोकणकिनाऱ्याच्या जुन्या मालवाहू गलबतांचा आराखडा उलगडण्याची विद्या त्यांना आधीच अवगत आहे. आणि तिचा विनियोग त्या गलबतांच्या प्रतिकृती घडविण्याकडे व्हावा, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

फत्तेमारी ही पश्चिम किनाऱ्यावर बंदरोबंदरी माल वाहणारी नौका. पाश्चात्त्यांच्या स्कूनरप्रमाणे तिलाही बहुधा दोन डोलकाठ्या असत. परंतु त्या पुढे झुकलेल्या, आणि तिरप्या वाशांवर चढविलेली त्यांची शिडे विस्तीर्ण. नाळ इतकी कललेली, की तळाचा कणा एकूण लांबीच्या मानाने बराच आखूड पडे. जॉन एडाय यांनी १८३४ साली मोठ्या फत्तेमारीची लांबी ७६ फूट ६ इंच, रुंदी २१ फूट ६ इंच आणि वहनशक्ती सुमारे २०० टन अशी नोंदविली. घडविणारे सुतार मात्र कागदावर विसंबत नसत. वडिलोपार्जित प्रमाण आणि नजर हेच त्यांचे दप्तर. त्यामुळे नौका मोडली की तिचा आकारही नाहीसा होई.

तो आकार कागदावर उतरविणाऱ्यांत फ्रेंच आरमारी अधिकारी एडमाँ पारी अग्रगण्य होत. युरोपाबाहेरील नौकाबांधणीवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८४० च्या दशकात प्रसिद्ध झाला. भारताच्या किनाऱ्यावर एका यंत्राच्या दंतचक्रात सापडून डावा हात गेला असताही त्यांनी रेखाटन सोडले नाही. पुढे १८७१ पासून पॅरिसच्या नौकासंग्रहालयाचा कारभार पाहताना आपल्या नकाशांवरून प्रतिकृतीही करवून घेतल्या. अशा माणसाचे ऋण आपण मानले पाहिजे.

नकाशाची तीन अंगे असतात: बाजूचे दृश्य, वरचे दृश्य आणि आडवे छेद. छेदांच्या चित्रात मध्ये एक उभी रेघ असून, तिच्या एका अंगास नाळेकडील अर्धे छेद आणि दुसऱ्या अंगास पिछाडीचे अर्धे छेद काढलेले असतात, कारण नौकेच्या दोन्ही बाजू समान असल्याने अर्धा भाग पुरेसा होतो. पाव इंचास एक फूट हे प्रमाण धरले, तर एडाय यांची फत्तेमारी सुमारे १९ इंचांची होईल. रेषा फळ्यांच्या आतल्या अंगाची आहे की बाहेरच्या, हे आधी निश्चित करावे. बाहेरची असेल, तर फासळ्या कापताना फळीची जाडी वजा करावी लागते, नाहीतर सबंध सांगाडाच फुगतो.

अमेरिकेत १९३६-३७ साली बेकार झालेल्या आरेखकांना कामास लावून जुन्या व्यापारी नौकांची मोजणी सरकारने करविली, त्यांत स्कूनरही होत्या. आपल्याकडे खाडीकाठी ज्या लाकडी नौका अद्याप शिल्लक आहेत, त्यांची मोजणी अशीच व्हावी. त्यासाठी पाणसळ लावून आधाररेषा धरावी, ठराविक अंतरावर ओळंबे सोडावेत, आणि प्रत्येक ओळंब्यापासून नौकेच्या अंगापर्यंतचे अंतर निरनिराळ्या उंचीवर मोजून त्याच ठिकाणी वहीत उतरवून घ्यावे.