आधी तिच्याशीच बोला

आमच्या मंडळीच्या महिला संघाच्या हिशेबात दोन हजार रुपये कमी भरले. रविवारी उपासना सुटली की दारातच कुजबुज! खजिनदार ताई सोडून सगळ्यांशी चर्चा. मैत्रिणींनो, मत्तयाच्या १८ व्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे. आधी एकांतात गाठून चूक दाखवायची, नाहीच ऐकलं तर एकदोघांना सोबत न्यायचं, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो.

संध्याकाळी मी ताईंकडे गेले. पाय जड झाले होते, खोटं का सांगू? चहा झाल्यावर सरळ विचारलं. त्या रडल्याच. मुलाची फी भरली होती. "दरमहा पाचशे देईन," म्हणाल्या. "द्या, पण संघाला तुम्हीच सांगा. मी शेजारी बसते."

हा क्रम घरातल्या मारहाणीला मात्र लावू नका. मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर" म्हणून परत पाठवणं हे प्रेम नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ख्रिस्ती बाईलाही आहे; तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्याकडे जा.

पुढच्या बैठकीत ताई वही घेऊन उभ्या राहिल्या. आवाज कापत होता. तीन हप्ते आलेत, चौथा राहिलाय. (त्यांना विचारूनच लिहितेय.)